बाईकला सेकंड हँड अलार्म कसा बसवायचा? वायरिंगच्या आधी जुना रिमोट बाद करा!

बाईक पार्किंगमध्ये लावली की रात्री दोनदा तरी खिडकीतून डोकावून बघायची सवय तुम्हालाही असेल. मला होती. म्हणून मी बाईकला अलार्म बसवायचं ठरवलं, पण नवा घ्यायला खिसा तयार नव्हता. आमच्याच सोसायटीतल्या एका काकांनी त्यांची जुनी गाडी विकताना तिचा अलार्म काढून ठेवला होता. तो मी ३०० रुपयांना घेतला. रिमोट एकच मिळाला. "दुसरा कुठेतरी हरवलाय रे," काका म्हणाले. मीही म्हटलं, एक पुरे की!

अलार्म बसवला, सायरन वाजला, मी खूश. आठवडाभराने सकाळी चहा घेत गॅलरीत उभा होतो, तर खाली माझी गाडी आपोआप 'टुक टुक' करून अनलॉक झाली. माझा रिमोट टेबलावर होता. वर बघितलं, तर तिसऱ्या मजल्यावर काकांचा नातू हातात काहीतरी घेऊन बटणं दाबत होता. हरवलेला रिमोट त्याला ड्रॉवरमध्ये सापडला होता!

नातू होता म्हणून हसून सोडून दिलं. पण तो रिमोट चोराच्या हातात असता तर? सेकंड हँड अलार्मचा खरा प्रश्न हाच आहे, की त्याची चावी अजून कोणाकोणाकडे आहे ते आपल्याला माहीत नसतं. चला तर मग, तपासणीपासून फिटिंगपर्यंत सगळं क्रमाने पाहूया.

अलार्म किटमध्ये काय काय असतं?

- कंट्रोल बॉक्स: हा अलार्मचा मेंदू. रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर आणि रिले यातच असतात.
- व्हायब्रेशन सेन्सर: गाडी हलली की कंट्रोल बॉक्सला कळवतो. बहुतेक वेळा बॉक्सच्या आतच असतो.
- सायरन: आवाज करणारा भोंगा.
- रिमोट: शक्यतो दोन. आत छोटा १२ व्होल्टचा किंवा बटणासारखा सेल असतो.
- वायरिंगचा गुच्छ: बॅटरी, इंडिकेटर, इग्निशन आणि काही मॉडेल्समध्ये सेल्फ स्टार्टसाठीच्या वायर.

घेण्याआधी काय तपासायचं?

बॉक्सचं झाकण उघडता आलं तर उघडा आणि मोबाईलच्या टॉर्चने आत बघा. तांब्यावर हिरवट थर म्हणजे पाणी गेलंय. करपल्याचा वास किंवा काळा डाग दिसला तर सरळ नको म्हणा. वायर बॉक्सला चिकटून कापलेल्या नसाव्यात, किमान वीतभर तरी शिल्लक हव्यात. अलार्म कुठल्या गाडीवरून काढला तेही विचारा. विकणारा नीट सांगत नसेल तर घेऊ नका. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

एक गंमत सांगतो. टीव्हीचा रिमोट मोबाईल कॅमेऱ्यासमोर धरला की अनेकदा त्याचा दिवा चमकताना दिसतो. बाईक अलार्मच्या रिमोटवर ही ट्रिक चालत नाही. तो इन्फ्रारेडवर नाही, रेडिओ लहरींवर चालतो, बऱ्याचदा ४३३ मेगाहर्ट्झवर. म्हणूनच तो तिसऱ्या मजल्यावरूनही काम करतो.

पायरी १: आधी टेबलावर चालवून बघा

गाडीला हात लावण्याआधी १२ व्होल्टच्या बॅटरीवर टेस्ट घ्या. बॉक्सच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह वायर जोडा, पॉझिटिव्हमध्ये ५ अँपिअरचा फ्यूज टाका. सायरनवर जाड कापड गुंडाळा, नाहीतर घरचे तुम्हालाच बाहेर काढतील! लॉक करा, बॉक्सवर टिचकी मारा, सायरन वाजतो का बघा. इंडिकेटरच्या वायरवर टेस्ट बल्ब लावून तो लुकलुकतो का तेही बघा.

लाल म्हणजे पॉझिटिव्ह आणि काळी म्हणजे निगेटिव्ह हे बहुतेक वेळा खरं असतं, पण बाकी रंगांवर अजिबात विश्वास ठेवू नका. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. बॉक्सवरचं स्टिकर किंवा मॉडेल नंबरवरून मिळणारा डायग्राम बघूनच पुढे जा.

पायरी २: जुने रिमोट पुसून टाका

मी नेमकी हीच पायरी गाळली होती. रिमोटचे साधारण तीन प्रकार असतात.

जंपरवाले: पीटी२२६२ सारख्या चिपचे. सर्किटवर सोल्डरच्या छोट्या जोडण्यांनी कोड ठरतो. आठ पिन आणि प्रत्येकाच्या तीन स्थिती धरल्या तर एकूण ६,५६१ कोड होतात. यात रिमोट आणि बॉक्स दोन्हींकडची जोडणी सारखीच बदलावी लागते. तसं केलं की जुना रिमोट बाद.

लर्निंगवाले: ईव्ही१५२७ सारख्या चिपचे. प्रत्येक रिमोटला २० बिटांचा स्वतःचा नंबर असतो, म्हणजे साधारण साडेदहा लाख शक्यता. बॉक्समध्ये त्या नंबरांची यादी साठवलेली असते. लर्निंगचं बटण बराच वेळ दाबून धरलं की बऱ्याच मॉडेल्समध्ये ती यादी पुसली जाते. नेमकी पद्धत मॉडेलनुसार बदलते.

रोलिंग कोडवाले: प्रत्येक वेळी बटण दाबलं की कोड बदलतो. हे सगळ्यात सुरक्षित. पण इथेही जुना रिमोट यादीतून काढावाच लागतो, कारण यादीत असेपर्यंत तोही मालकच!

आता प्रश्न असा, की हरवलेला रिमोट आपल्याकडे नाही, मग तो बाद झाला हे कसं कळणार? सोपं आहे. यादी पुसल्यावर लगेच तुमचाच रिमोट दाबून बघा. त्याने काही व्हायला नको. तुमचा चालला नाही तर यादी रिकामी झाली, म्हणजे हरवलेलाही गेला. तुमचा अजून चालत असेल तर काहीच पुसलं गेलेलं नाही, परत प्रयत्न करा. खात्री झाल्यावरच आपला रिमोट नव्याने जोडा. मी हे केल्यावर काकांच्या नातवाला बोलावलं आणि म्हटलं, दाब आता. त्याने दहा वेळा दाबलं, गाडी गप्प. तेव्हा कुठे जीवात जीव आला.

पुसायची सोय नसेल आणि एखादा रिमोट बेपत्ता असेल, तर तो अलार्म फुकट मिळाला तरी लावू नका.

पायरी ३: गाडीवर फिटिंग

१. चावी बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. जोडताना ती सगळ्यात शेवटी.

२. मोबाईलवर सगळ्या वायरिंगचे जवळून फोटो काढा. नंतर हेच फोटो देवासारखे धावून येतात.

३. बॉक्स सीटखाली किंवा साईड पॅनलच्या आत बसवा, वायरचं तोंड खाली ठेवून, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. सायलेन्सरपासून लांब. बॉक्स फ्रेमला घट्ट बांधा, कारण तो सैल राहिला तर सेन्सर कधी उगाच वाजतो, कधी वाजायचं तेव्हा वाजत नाही. सायरनचं तोंडही खाली.

४. पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि बॅटरीजवळच ५ अँपिअरचा फ्यूज लावा. पाच का? अलार्म वाजताना चारही इंडिकेटर लागतात. १० वॅटचे चार बल्ब म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टवर साधारण ३.३ अँपिअर. वर सायरन. म्हणजे पाच पुरतो आणि वायर जळायच्या आत उडतो.

५. पॉझिटिव्ह हेडलाईटच्या वायरवरून कधीच घेऊ नका. अनेक जुन्या १०० सीसी गाड्यांत हेडलाईट थेट मॅग्नेटवरून एसी करंटवर चालतो. अलार्मला डीसी लागतो. एसी दिला की बॉक्स गेलाच म्हणून समजा.

६. इंडिकेटरला दोन वेगळ्या वायर असतील तर एक डावीकडे, एक उजवीकडे जोडा. एकच असेल तर मध्ये दोन डायोड लावा. नाहीतर डावा इंडिकेटर दिला की चारही लुकलुकतील आणि मागच्याला तुम्ही कुठे वळताय तेच कळणार नाही.

७. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक ट्यूब चढवा. नुसती पिळून टेप लावलेली वायर पहिल्या पावसाळ्यातच दगा देते.

या वायर जोडू नका

रिमोट स्टार्ट: दिसायला भारी, पण गाडी गिअरमध्ये असेल आणि खिशात बटण दाबलं गेलं तर ती उडी मारू शकते. ही वायर टोकाला बंद करून ठेवा.

इंजिन कट: इथे गाड्यांमध्ये फरक आहे. काही सीडीआय गाड्यांत इंजिन बंद करायला एक वायर अर्थ केली जाते, तर काहींत १२ व्होल्टचा पुरवठा तोडला जातो. चुकीच्या वायरला १२ व्होल्ट लागले तर सीडीआय जळू शकतो. शिवाय चालत्या गाडीत खराब रिलेने इंजिन बंद पाडलं तर? मागून ट्रक येत असेल तर ते चोरीपेक्षा महाग पडेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आल्यावर बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्यांच्या ईसीयूच्या वायरिंगला घरी हात लावूच नका. गाडी वॉरंटीत असेल तर कुठलीही वायर कापण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

पायरी ४: बॅटरी किती खातोय?

अलार्म गप्प असतानाही थोडा करंट घेतोच. चावी बंद करून निगेटिव्ह वायर काढा आणि तिच्या मध्ये मल्टीमीटर लावा, आधी १० अँपिअरच्या रेंजवर. अलार्म लॉक होऊन शांत झाला की आकडा बघा. छोट्या रेंजवर जायचं असेल तर ते शांत झाल्यावरच. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

समजा आकडा आला १० मिलीअँपिअर. दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर झाले. बॅटरी ४ अँपिअर-अवरची असेल तर साधारण आठ दिवसांत ती अर्धी रिकामी! तोच आकडा ३ मिलीअँपिअर असेल तर अर्धी व्हायला जवळपास चार आठवडे लागतात. सुट्टीत गावी जाताना हा हिशोब लक्षात ठेवा. माझा अलार्म ६ मिलीअँपिअर घेतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी चालवतो.

सेन्सिटिव्हिटी किती ठेवायची?

कमीपासून सुरू करा. सीटवर हात टेकला तर वाजू नये, गाडी स्टँडवरून काढली तर वाजावा. दिवाळीत फटाक्यांनी रात्रभर बोंबलणारा अलार्म चौथ्या दिवशी कोणी ऐकत नाही, आणि चोराला तेच हवं असतं. बेकायदा गोंगाटाची तक्रार होऊ शकते हेही ध्यानात ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोबाईलवर नोटिफिकेशन येईल का?
साध्या अलार्मवर नाही. त्यासाठी सिम असलेला जीपीएस ट्रॅकर वेगळा लागतो.

इन्शुरन्समध्ये सूट मिळेल का?
त्यासाठी पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेलं उपकरण लागतं. घरी बसवलेल्या जुन्या अलार्मवर आशा ठेवू नका.

रिमोटची कॉपी होऊ शकते का?
जंपरवाल्या आणि साध्या लर्निंगवाल्या रिमोटची होते, कारण त्यांचा कोड बदलत नाही. रिमोट अनोळखी माणसाच्या हातात देऊ नका.

मग अलार्म पुरेसा आहे का?
नाही. अलार्म फक्त ओरडतो, गाडी धरून ठेवत नाही. हँडल लॉक आणि डिस्क लॉक लावायचेच.

शेवटी एवढंच

सेकंड हँड अलार्म घेणं वाईट नाही. माझा आजही मस्त चालतोय. भाड्याचं घर घेतल्यावर आपण जसं आधी कुलूप बदलतो, तसंच इथे आधी रिमोटची यादी पुसायची, मग पाना-पक्कड हातात घ्यायची. मित्राच्या गाडीलाही असा जुना अलार्म असेल, तर त्याला आज एकच प्रश्न विचारा: "दुसरा रिमोट कुणाकडे आहे रे?"