‘टाटाला न्या’

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथ-प्रेसची धडधड होती, तेव्हापासून मी तिथल्या एका लॅबमध्ये स्मिअर बघत आले. येणारे बहुतेक कारखान्यांतले. ताप आला की मलेरियाची तपासणी. एखाद्या पोराच्या पांढऱ्या पेशी 80,000 निघाल्या, की मी मशीनवर विसंबत नसे. काचेवर रक्ताच्या थरावर लीशमनचा रंग ओतायचा, धुवायचं, तेलाचा थेंब टाकून शंभराच्या लेन्सखाली धरायचं. ल्युकेमियाची ब्लास्ट पेशी लपत नाही: मोठी, जवळजवळ सगळी केंद्रकानेच भरलेली, आणि आजूबाजूला प्लेटलेट शोधूनही सापडत नाहीत. मग लॅबचे डॉक्टर बापाला बाजूला घेऊन सांगत, ‘टाटाला न्या.’

ते टाटा मेमोरियल रुग्णालय या आजारातूनच, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातूनच, उभं राहिलं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा जुबिली हिरा त्यांच्या गळ्यात असे. या दुखण्यावर औषध मात्र जगात कुठेच नव्हतं. पुढे हिरा विकून आलेला पैसा दोराबजींच्या ट्रस्टकडे गेला आणि त्याच ट्रस्टने 1941 मध्ये परळला हे रुग्णालय उघडलं.

तेव्हाही औषध नव्हतंच. 1947-48 मध्ये बोस्टनच्या डॉक्टर फार्बरनी अमिनोप्टेरिन देऊन मुलांचा आजार काही महिने मागे हटवला. ते औषध आपल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतलं, हे आमच्याकडे फार कुणाला ठाऊक नाही. साठच्या दशकात सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन आलं. (म्हणून कुंडीतली पानं चावू नका. ते औषध मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात.)

मला मोठी वाटते ती 1984 ची गोष्ट. टाटातले डॉ. सुरेश अडवाणी, लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर असलेले, यांनी अमेरिकेच्या इयन मॅग्राथांबरोबर एमसीपी-841 ही उपचारपद्धती राबवली. आपल्या रुग्णालयांना पेलेल अशी ती आखलेली होती. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेली निम्म्याच्या आसपास मुलं चार वर्षांनंतरही आजाराविना राहू लागली. मेहेरबाईंना जे मिळालं नाही, ते लेथवरच्या कामगाराच्या पोराला मिळू लागलं.

फुकटात नव्हे. ठाण्याहून धीमी लोकल, बापाचे खाडे, प्लेटलेट द्यायला त्याच्या कारखान्यातली माणसं. आणि पोरगं खेळायला लागलं की आजी म्हणणार, आता कशाला गोळ्या? मरकॅप्टोप्युरिनच्या गोळ्या मध्येच सोडलेली मुलं माझ्या भिंगाखाली परत आली आहेत.

2024 पासून आयआयटी आणि टाटाने मिळून घडवलेली कार-टी पेशींची (रुग्णाच्याच, प्रयोगशाळेत बदललेल्या पेशींची) देशी थेरपीही आहे. अमेरिकेच्या मानाने बरीच स्वस्त. तरी आकडा लाखांत, आणि बाप पहिल्यांदा तोच विचारतो.