आठी आणि सुरकुती : बोट्युलिनम इंजेक्शनची कुळकथा

चेहऱ्यावरच्या रेषांना मराठीत निदान दोन वेगळी नावे आहेत. राग आला, चिंता वाटली किंवा डोळ्यांवर ऊन आले की भुवयांमध्ये जी उमटते ती आठी, जी घातली जाते, चढवली जाते आणि कारण सरले की उतरते. उलट सुरकुती पडते आणि कायमची वस्तीला राहते. मूर्तिजापूर तालुक्यात उघड्या रानात निंदण आणि कापूस वेचणी करणाऱ्या बाईच्या कपाळावर या दोन्ही एकाच वेळी दिसतात, कारण वऱ्हाडच्या उन्हात डोळे बारीक करण्याच्या रोजच्या सवयीने आठी पडते आणि तेच ऊन त्वचेला लवचीक ठेवणारे तंतू झिजवून सुरकुतीही पाडते. वैद्यकशास्त्र पहिलीला हालचालीची आणि दुसरीला स्थिर रेषा म्हणते. ‘बोटॉक्स’ या व्यापारी नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनाकडून काय अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न बराचसा या भेदातच सुटतो आणि त्याचे कारण त्या औषधाच्या कुळात आहे.

हे कूळ जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात सुरू होते, जिथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून नीट न शिजवलेल्या आणि खूप दिवस ठेवलेल्या सॉसेजमुळे, म्हणजे आतड्यात मांस व रक्त भरून केलेल्या पदार्थामुळे, माणसे दगावत होती. युस्टिनुस केर्नर या वैद्याने, जो कवीही होता, 1822 साली अशा 155 रुग्णांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. त्यासाठी त्याने विषारी सॉसेजचा अर्क प्राण्यांवर आणि स्वतःवरही वापरून पाहिला. या विषाने पापण्या मिटतात, तोंड कोरडे पडते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो, परंतु स्पर्शाची जाणीव व शुद्ध शाबूत राहते, हे त्याने अचूक टिपले. त्याहून धाडसी होते त्याचे अनुमान : जे विष मज्जातंतूंचे काम इतके नेमके थांबवते, ते अतिसूक्ष्म मात्रेत दिले तर अनावर हालचालींच्या रोगांवर औषध ठरू शकेल. हे अनुमान प्रत्यक्षात उतरायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोट्युलस’ म्हणतात, त्यावरून पुढे या विषबाधेला ‘बोट्युलिझम’ हे नाव पडले.

विष निर्माण करणारा जंतू 1895 साली सापडला. बेल्जियममधील एलझेल या गावी अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले, त्यांपैकी तिघे दगावले आणि त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने हवेशिवाय वाढणारा जंतू वेगळा काढला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत हे विष शुद्ध स्वरूपात मिळवण्याचे काम झाले, तर 1949 साली आर्नल्ड बर्जेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची करणी उलगडली : मज्जातंतूच्या टोकातून स्नायूला ‘आखड’ असा निरोप देणारे ॲसिटिलकोलिन हे द्रव्य असते आणि हे विष त्या द्रव्याचे बाहेर पडणेच अडवते.

केर्नरचे अनुमान प्रत्यक्षात आणणाऱ्या ॲलन स्कॉट या सॅन फ्रान्सिस्कोच्या नेत्रवैद्याला सौंदर्याशी काही देणेघेणे नव्हते. तिरळ्या डोळ्याचा जोरकस स्नायू शस्त्रक्रियेविना सैल करता यावा, या ध्यासाने त्याने हे विष आधी माकडांवर आणि 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात माणसांवर वापरले. 1989 साली अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांची अनावर उघडझाप यांसाठी या औषधाला मान्यता मिळाली. त्याच सुमारास कॅनडातील व्हँकुव्हर येथे जीन कॅरदर्स या नेत्रवैद्य स्त्रीकडे पापण्यांच्या उपचारासाठी येणाऱ्या एका रुग्ण स्त्रीने, भुवयांमध्ये सुई दिली की चेहरा निवांत दिसतो, हे तिच्या नजरेस आणले. जीन आणि तिचा त्वचावैद्य पती ॲलिस्टर यांनी 1992 साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला आणि 2002 साली भुवयांमधील आठ्यांसाठी अमेरिकी मान्यता आली. या शोधाचे श्रेय त्या अनामिक रुग्ण स्त्रीला जितके मिळायला हवे तितके मिळत नाही.

मूर्तिजापूरहून रेल्वेने अकोला किंवा बडनेरामार्गे अमरावती गाठून त्वचावैद्याकडे जाणाऱ्याने काय धरून चालावे, ते या वंशावळीतूनच निघते. औषध स्नायूवर चालते, त्वचेवर चालत नाही. म्हणून आठी उतरते, पण चेहरा स्वस्थ असतानाही दिसणारी, उन्हाने कोरलेली सुरकुती फार तर थोडी पुसट होते. सुईनंतर लगेच काहीही दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी स्नायू सैलावू लागतो, सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम दिसतो आणि तीन-चार महिन्यांत मज्जातंतूचा निरोप पुन्हा सुरू होऊन आठी परतते. भुवयांमधील आठ्यांसाठी बोटॉक्सची रूढ मात्रा पाच ठिकाणी विभागून 20 एकके असते. ‘एकक’ हे औषधाच्या जोराचे माप असून ते कंपनीनुसार बदलते, त्यामुळे एका कंपनीच्या एककांचा हिशेब दुसरीला लावता येत नाही. टोचल्या जागी काळेनिळे होणे आणि डोके दुखणे हे त्रास बहुधा लवकर ओसरतात. औषध शेजारच्या स्नायूत उतरले तर पापणी काही आठवडे लोंबते, म्हणजे केर्नरने पाहिलेले लक्षणच सौम्य रूपात परत येते. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि मज्जातंतू व स्नायूंचे विकार असलेले रुग्ण यांना हे इंजेक्शन सहसा देत नाहीत. बोटॉक्सची कुपी वापरेपर्यंत शीतपेटीत 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवावी लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जाणाऱ्या वऱ्हाडात कुपी कोठून व कशी आणली, हे विचारण्याचा रुग्णाला पुरेपूर अधिकार आहे.

खोल, स्थिर सुरकुतीसाठी जी वेगळी सुई देतात तिला ‘फिलर’, म्हणजे भरण, म्हणतात आणि तिचे कूळही वेगळे आहे. तीत बहुधा हायल्युरोनिक आम्ल असते, जे 1934 साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांना गाईच्या डोळ्यातील पारदर्शक गरात सापडले. ते पाणी धरून ठेवते आणि खड्डा भरून काढते; मात्र चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. त्यामुळे ते विरघळवणारे विकर, हायल्युरोनिडेज, हाताशी ठेवणाऱ्या वैद्याकडेच ही सुई घ्यावी. आठी आणि सुरकुती मुळात कमी पडाव्यात यासाठी मात्र सुई लागत नाही : वेचणीला निघताना डोक्यावरून पुढे ओढलेला पदर कपाळावर सावली धरतो. डोळे कमी बारीक होतात आणि त्वचेवर पडणारे ऊनही अडते.