एक यंत्र, अनेक दारे : लॉगिन कन्सोलचा इतिहास (थ्रेड)

१/ १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० आला. त्या काळच्या यंत्रांवरील कामे बहुधा पंच कार्डांच्या गठ्ठ्यांतून रांगेने होत. यंत्राचे रक्षण म्हणजे मुख्यतः खोलीचे कुलूप.

२/ अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने १९६१ साली ‘सीटीएसएस’ दाखवली. यंत्राचा वेळ क्षणाक्षणाने वाटला गेला आणि अनेक जण आपापल्या टर्मिनलवरून एकाच यंत्रावर काम करू लागले. दारे वाढली, म्हणून प्रत्येकाच्या फाइली राखण्यासाठी पासवर्ड आला.

३/ पण पासवर्ड पुरेसा ठरला नाही. त्याच दशकात सीटीएसएसवर दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन टर्मिनलवरून संपादन करीत होते : एक स्वागतसंदेशाचे, दुसरा पासवर्डच्या फाइलीचे. संपादकाची तात्पुरती फाइल मात्र दोघांना एकच. अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले! चोर कोणीच नव्हता. ‘येथे एका वेळी एकच जण असेल’ हे गृहीतकच घातक ठरले.

४/ १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा जन्म झाला. तेथील टेलिटाइप यंत्रांवरून ‘टीटीवाय’ हे नाव रुळले. टेलिटाइप गेले, नाव उरले. जानेवारी १९९२ च्या लिनक्स ०.१२ मध्ये आभासी कन्सोल आले : एकच पडदा, एकच कळफलक, पण लॉगिनची दारे अनेक.

५/ आजही बहुतेक लिनक्स संगणकांवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबले की दुसरे दार उघडते. प्रत्येक दाराचे लॉगिन स्वतंत्र असते. म्हणूनच चित्रमय पडद्याला कुलूप लावले, तरी टीटीवाय ३ वर उघडे राहिलेले ‘रूट’चे सत्र उघडेच राहते. कळफलकापाशी येणारा कोणीही तेथे यंत्राचा धनी होतो.

६/ तेव्हा नियम तीन. उठण्यापूर्वी ‘हू’ ही आज्ञा देऊन कोणकोणती सत्रे चालू आहेत ते पाहावे. प्रत्येक कन्सोलवर ‘एक्झिट’ करावे. एकच फाइल दोन कन्सोलवरून एकदम संपादित करू नये.

७/ जव्हारजवळच्या दाभोसा गावी किंवा अन्यत्र, जेथे एका संगणकावर अनेक हात फिरतात तेथे हे विशेष लक्षात ठेवावे. वाड्याची दिंडी लावून मागचे दार सताड ठेवले, तर त्याला राखण म्हणत नाहीत.