बुरख्याच्या आतला चित्रकार : फिलिप गस्टनचा ‘स्टुडिओ’

आज आपण एका चित्रापासून सुरुवात करू, बरंच फिरू आणि पुन्हा त्याच चित्रापाशी येऊ.

पडद्यावर आहे ते फिलिप गस्टनचं ‘द स्टुडिओ’, १९६९ सालचं तैलचित्र. फार मोठं नाही, सव्वा मीटरच्या आसपास उंची. सगळीकडे गुलाबी आणि लाल, खाटकाच्या दुकानात दिसतो तसला गुलाबी. एक माणूस कॅनव्हाससमोर आहे. एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात सिगारेट, वर लोंबणारा उघडा बल्ब. चित्रकार आपल्या स्टुडिओत स्वतःचं चित्र काढतोय. यात नवीन काही नाही, रेम्ब्रांटपासून आपण हे बघत आलो आहोत. फरक एवढाच की याच्या डोक्यावर कू क्लक्स क्लानचा टोकदार पांढरा बुरखा आहे. आणि तो समोर जे काढतोय, तोही तसाच बुरखा.

क्लान म्हणजे अमेरिकेतली गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी उभी राहिलेली संघटना. काळ्या माणसांना झुंडीनं फासावर लटकवणं, घरं जाळणं, हा तिचा इतिहास. तिचा रोष ज्यूंवरही होता, आणि गस्टन ज्यू होता. मग असा माणूस वयाच्या छपन्नाव्या वर्षी शत्रूचा बुरखा स्वतःच्या डोक्यावर का चढवतो? हा आजचा प्रश्न. याचं उत्तर चित्राच्या शैलीत शोधून सापडत नाही, त्यासाठी आयुष्यात मागे जावं लागतं.

आईवडील ओडेसाचे. रशियन साम्राज्यात ज्यूंच्या कत्तली होत होत्या, त्या काळात देश सोडून कॅनडात आलेले. १९१३ साली माँट्रियलमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव फिलिप गोल्डस्टीन. गस्टन नाही, हे लक्षात ठेवा. तो लहान असतानाच कुटुंब लॉस एंजेलिसला गेलं. वडिलांचा तिथे जम बसला नाही. घोडागाडी घेऊन भंगार गोळा करायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. मुलगा साधारण दहा वर्षांचा असताना त्यांनी गळफास लावून घेतला. तो मृतदेह मुलानंच पाहिला, असं सांगितलं जातं.

त्यानंतर हा मुलगा घरातल्या कपड्यांच्या कोठडीत जाऊन बसायला लागला. आत एक उघडा बल्ब होता. त्याच्या उजेडात तो चित्रं काढायचा, वर्तमानपत्रातल्या विनोदी चित्रमालिकांसारखी. आईनं त्याला क्लीव्हलँडच्या एका शाळेचा व्यंगचित्रकलेचा पत्राद्वारे शिकवला जाणारा अभ्यासक्रम घेऊन दिला. तो त्यानं अर्ध्यात सोडला. पण तो बल्ब आठवणीत असू द्या.

हायस्कुलात त्याचा वर्गमित्र कोण, तर जॅक्सन पोलॉक. शाळा खेळांना डोक्यावर घेते आणि कलेला विचारत नाही, अशी पत्रकं दोघांनी काढली आणि दोघांनाही काढून टाकलं. पोलॉक परत गेला, गस्टन गेला नाही.

क्लान फक्त दक्षिणेकडच्या राज्यांत होती, अशी आपली एक समजूत असते. लॉस एंजेलिसमध्येही ती होती, आणि संप मोडायला पुढे होती. सतरा वर्षांच्या या मुलानं १९३० साली एक रेखाचित्र काढलं, ‘कॉन्स्पिरेटर्स’ नावाच्या चित्रासाठी. पुढे दोरखंड हाताळत उभा असलेला बुरखाधारी, मागे त्यांची टोळी आणि फासावर लटकलेला काळा माणूस. रेषा पक्की, कपड्याच्या घड्या इटालियन भित्तिचित्रांसारख्या दगडी. हे बुरखे ‘त्यांचे’ आहेत. चित्रकार बाहेर उभा राहून बोट दाखवतोय. तरुण माणसानं दाखवावंच.

थोड्याच काळात, १९३३ साली, लॉस एंजेलिसमध्ये आणखी एक गोष्ट घडली. अलाबामात नऊ काळ्या तरुणांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवला गेला होता, ‘स्कॉट्सबरो बॉइज’ नावानं तो खटला ओळखला जातो. त्यावर गस्टन आणि त्याच्या मित्रांनी हलवता येतील अशी भित्तिचित्रं केली होती. पोलिसांच्या कम्युनिस्टविरोधी पथकानं छापा घालून ती फोडली. पुढे १९३४-३५ मध्ये गस्टन आणि त्याचा मित्र रुबेन कॅडिश मेक्सिकोतल्या मोरेलिया गावी गेले आणि एका जुन्या वाड्याची अवाढव्य भिंत त्यांनी रंगवली. विषय छळाचा, धर्मन्यायालयापासून फॅसिझमपर्यंतचा. तिथेही बुरखे आहेत. हे भित्तिचित्र नंतर कित्येक वर्षं एका खोट्या भिंतीमागे झाकलेलं होतं. म्हणजे बघा, या माणसाची अशी चित्रं एकदा फोडली गेली, एकदा झाकली गेली. तिसरी वेळ यायची आहे.

याच दशकाच्या मध्यावर तो न्यूयॉर्कला आला, म्युसा मॅकिमशी लग्न ठरलं, आणि गोल्डस्टीनचा ‘गस्टन’ झाला. ज्यू असल्याची खूण नावातून पुसली गेली. काही वर्षांत युरोपातल्या छळछावण्यांची छायाचित्रं जगासमोर आली, आणि मग आपण नाव बदललं याची त्याला फार लाज वाटू लागली. आम्हाला वाटतं, पुढच्या बुरख्यांकडे बघताना ही गोष्ट बाजूला ठेवून चालणार नाही. कारण चेहरा लपवणं हे त्याला दुसऱ्याकडून शिकावं लागलेलं नव्हतं.

मधली वर्षं भराभर सांगतो. सरकारी योजनेतली भित्तिचित्रं, आयोवा आणि सेंट लुइसला शिकवणं, लाकडी तलवारी आणि भांड्यांची झाकणं घेऊन लढणाऱ्या मुलांची चित्रं, १९४५ साली कार्नेगीचं पहिलं पारितोषिक, मग रोमची शिष्यवृत्ती. सगळं नीट चाललेलं. आणि याच सुमारास हातातून आकृत्या निसटायला लागल्या. छावण्यांनंतर माणसाचं शरीर कसं काढायचं, हे त्याला कळेना.

१९५० नंतर तो पूर्ण अमूर्ताकडे गेला. १९५१ चं ‘व्हाइट पेंटिंग’ त्यानं कॅनव्हासला जवळजवळ नाक लावून काढलं, मागे सरून न बघता, एका बैठकीत. आता चित्रकार मागे का सरतो? रचना जमली का ते बघायला. म्हणजे यानं तो न्यायाधीशच खोलीबाहेर काढला. त्या दशकातली चित्रं म्हणजे मध्यभागी गोळा झालेले गुलाबी, लाल, करडे फटकारे, कडेला विरत जाणारे. कुणी मोनेची आठवण काढली, कुणी ‘अमूर्त दृकप्रत्ययवाद’ म्हटलं. ही चित्रं सुंदर आहेत, हे स्पष्ट सांगायला हवं. नंतरच्या चित्रांचं कौतुक करताना अलीकडे लोक या काळाला वाट चुकणं ठरवतात, ते आम्हाला पटत नाही. ‘द स्टुडिओ’मधला रंग जो असा थरथरतो, तो हात याच वर्षांत तयार झालाय. १९६२ साली गुगेनहाइमनं त्याचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. वय एकोणपन्नास. आता आयुष्यभर हेच करत राहिला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं.

पण १९६६ नंतर रंगकाम जवळजवळ थांबलं. दोनेक वर्षं फक्त रेखाटनं. एक दिवस कागदावर नुसती एक-दोन रेघा, अगदी शुद्ध. दुसऱ्या दिवशी पुस्तक, बूट, कप. एकदा इकडचं खरं वाटायचं, एकदा तिकडचं. याच काळात तो न्यूयॉर्क सोडून वुडस्टॉकला राहायला गेला. बाहेर व्हिएतनामचं युद्ध, १९६८ साली शिकागोत पोलिसांनी निदर्शकांना रस्त्यावर झोडपलं. गस्टननं नंतर जे सांगितलं त्याचा आशय असा : घरी बसून बातम्या वाचून मी संतापानं लाल होतो, आणि मग स्टुडिओत जाऊन एक लाल एका निळ्याशी जुळवत बसतो, तर मी कसला माणूस?

मग बुरखे परत आले. पण १९३० चे नाहीत. हे बुटके, शिवणीचे टाके दिसणारे, भरतकाम चुकलेल्या उशीसारखे. मोटारीत बसून गावात फिरतात, सिगारेटी फुंकतात, गप्पा मारतात. रेषा कोठडीतल्या त्या मुलाची, व्यंगचित्रांची. आणि गस्टन म्हणाला, ही माझीच व्यक्तिचित्रं आहेत, बुरख्याच्या आत मी आहे. यात त्याला इसाक बाबेलची गोष्ट आठवत होती. बाबेलही ओडेसाचाच ज्यू लेखक, आणि तो कझाक घोडदळाबरोबर राहिला होता. ज्यांच्या नावानं ज्यूंची घरं कापत, त्यांच्या पंगतीत बसून त्यानं लिहिलं. दुष्ट माणूस दुष्टपणा करून घरी गेल्यावर काय करतो? गस्टनला हे जाणून घ्यायचं होतं, आणि बाहेर उभं राहून ते कळत नाही.

आता पुन्हा ‘द स्टुडिओ’कडे बघा. कुंचला धरलेला तो हात बघा, केवढा लाल आणि सुजलेला. तो रंगानं माखलाय की आणखी कशानं? चित्र सांगत नाही. बुरख्यावर लाल शिंतोडे आहेत, पण रंगाऱ्याच्या अंगावर शिंतोडे असणारच. सिगारेट गस्टनच्या स्वतःच्या तोंडातली, तो सतत ओढायचा. बल्ब कुठला, ते तुम्हाला माहीत आहे. हसू येतं, आणि हसलो म्हणून मग जरा अवघडल्यासारखं होतं. १९३० च्या चित्रात असं होत नाही, तिथे आपण बिनधास्त चांगल्या माणसांच्या बाजूला उभे असतो. इथे मात्र बाजूच ठेवलेली नाही.

ऑक्टोबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत ही चित्रं लागली आणि कलाजगत खवळलं. न्यूयॉर्क टाइम्समध्ये हिल्टन क्रेमरनं लिहिलेल्या लेखाचं शीर्षकच, दरबारी पंडित गावंढळाचं सोंग घेतोय, अशा अर्थाचं होतं. अमूर्त कला ही त्या पिढीची जवळजवळ धर्मश्रद्धा होती. गस्टन बाटला, असंच त्यांना वाटलं. डी कूनिंग मात्र खूश झाला, हा सगळा स्वातंत्र्याचा मामला आहे असं तो म्हणाल्याचं गस्टन सांगे. खरा घाव दुसरीकडे बसला. संगीतकार मॉर्टन फेल्डमन हा वीस वर्षांचा जिवलग मित्र. गस्टननं त्याला विचारलं, कसं वाटतंय? फेल्डमन थोडा थांबला, अजून जरा बघू दे म्हणाला. तेवढ्यावर मैत्री संपली. १९७८ साली गस्टननं त्याचं एक चित्र काढलं, ‘फ्रेंड’ म्हणून. त्यात फेल्डमनचं डोकं पलीकडे वळलेलं आहे, आपल्याकडे आहे तो मोठा कान. १९८० च्या जूनमध्ये गस्टन गेला. चार वर्षांनी फेल्डमननं ‘फॉर फिलिप गस्टन’ रचलं, सलग चार तासांहून जास्त चालणारं.

आता ती तिसरी वेळ. वॉशिंग्टन, लंडन, बोस्टन आणि ह्यूस्टनच्या चार संग्रहालयांनी मिळून मोठं प्रदर्शन ठरवलं होतं. २०२० साली जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली, आणि सप्टेंबरमध्ये संग्रहालयांनी प्रदर्शन २०२४ पर्यंत पुढे ढकललं. कारण बुरखे. दोन हजारांहून जास्त लोकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या, त्यात अनेक काळे कलाकार होते. संग्रहालयांची अडचण खोटी नव्हती. ज्याच्या आजोबांना खरोखर बुरखेवाल्यांनी मारलं, त्याला ही थट्टा दाखवताना विचार करायलाच हवा. पण चार मोठ्या संस्थांना चार वर्षं लागतील, असं त्या चित्रांत काय होतं? आम्हाला वाटतं, अडचण काळ्या प्रेक्षकांपेक्षा संस्थांची स्वतःची होती. हे चित्र गोऱ्या, सुसंस्कृत, कलाप्रेमी माणसाला विचारतं की बुरख्याच्या आत कोण आहे.

शेवटी प्रदर्शन आधीच भरलं, मे २०२२ मध्ये बोस्टनला. आत शिरताना मनाची तयारी करून देणारं एक पत्रक मिळायचं, आणि बुरख्यांची चित्रं टाळून पुढे जाता येईल अशी वेगळी वाटही ठेवली होती.

इथे थांबतो. चित्र पडद्यावर राहू द्या, प्रश्न घेऊ या.