मोबाइलला रेंज नसली तरी जीपीएस चालतं का?

सह्याद्रीत ट्रेकला गेलेला एखादा ग्रुप वाट चुकतो. कुणीतरी मोबाइल काढतं, रेंज शून्य. "आता जीपीएस पण चालणार नाही," असं म्हणत फोन परत खिशात जातो. खरं तर त्या क्षणी फोनला आपली जागा ठाऊक असण्याची दाट शक्यता असते, कारण जीपीएसला ना इंटरनेट लागतं, ना सिम कार्ड.

हे कसं शक्य आहे? त्यासाठी आधी एक मोठा गैरसमज दूर करायला हवा.

उपग्रह तुम्हाला बघत नाही

जीपीएसचा उपग्रह तुमचा फोन शोधत नाही. तुम्ही कुठे आहात, हे त्याला माहीतही नसतं. तो रेडिओ स्टेशनसारखा सतत एकच निरोप पाठवत असतो: 'मी अमुक जागी आहे आणि आत्ता अमुक वेळ झाली आहे.' फोन हा निरोप फक्त ऐकतो, उपग्रहाला उलट काहीच पाठवत नाही.

हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर वेगाने येतात. तरीही निरोप पोहोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. हा उशीर मोजला की उपग्रहापासूनचं अंतर कळतं.

आता समजा, तुम्ही पुण्यापासून किती लांब आहात एवढंच माहीत आहे. मग तुम्ही पुण्याभोवतीच्या एका वर्तुळावर कुठेही असू शकता. नाशिकपासूनचं अंतरही कळलं, तर दोनच शक्यता उरतात. सोलापूरपासूनचं अंतर मिळालं की जागा पक्की. फोन हेच गणित शहरांऐवजी उपग्रह धरून करतो. फोनचं घड्याळ मात्र तितकं अचूक नसतं. ती चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो.

सगळा खेळ घड्याळाचा

वेळ मोजताना सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं.

इथे आइन्स्टाइनही कामाला येतात. उपग्रह वेगाने फिरतो म्हणून त्याचं घड्याळ किंचित मागे पडतं, पण पृथ्वीपासून लांब गुरुत्वाकर्षण कमी असल्याने ते त्याहून जास्त पुढे पळतं. गोळाबेरीज केली तर दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. तो दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात १० किलोमीटरहून जास्त चूक साठत जाईल.

मग अडतं कुठे?

रेंज नसताना बहुतेकदा जीपीएस नाही, नकाशा बंद पडतो. रस्ते आणि गावांची नावं इंटरनेटवरून येतात. ती आली नाहीत, तर कोऱ्या पडद्यावर फक्त निळा ठिपका दिसतो.

दुसरी अडचण वेळेची. उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोन एरवी नेटवरून पटकन घेतो. नेट नसेल तर ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते. त्याला किमान अर्धा मिनिट, कधी काही मिनिटं लागतात.

तिसरी अडचण आकाशाची. मोकळ्यावर फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. बोगद्यात सिग्नल पोहोचत नाही. उंच इमारतींमध्ये किंवा कड्याखाली तो आदळून, लांबच्या वाटेने येतो आणि ठिपका भलतीकडे उडी मारतो.

घड्याळ कुणाचं?

जीपीएस अमेरिकेच्या लष्कराने उभारलं. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ जणांचा जीव गेला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी ही यंत्रणा सामान्यांनाही वापरू देण्याचं जाहीर केलं. तरीही नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळली जायची. ती मे २००० मध्ये थांबली.

अचूकता किती द्यायची हे दुसरा देश ठरवू शकतो, म्हणूनच रशियाने ग्लोनास, युरोपने गॅलिलिओ आणि चीनने बायडू उभारलं. भारताने 'नाविक' उभारलं, ते भारत आणि सीमेपासून १,५०० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी. नाविकलाही घड्याळांनीच छळलं. आधीच्या उपग्रहांतली काही परदेशी अणुघड्याळं बंद पडली. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतीय बनावटीचं अणुघड्याळ बसवलं गेलं. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही.

रस्ता दाखवण्यापलीकडे

समुद्रात कुंपण नसतं. नकळत सागरी हद्द ओलांडल्याने पालघर आणि गुजरातच्या मच्छीमारांना पाकिस्तानच्या तुरुंगात दिवस काढावे लागले आहेत. होडीवरचं जीपीएस त्यांच्यासाठी सुटकेचं साधन आहे. धावती रेल्वे कुठे आहे, विमान धावपट्टीवर कसं उतरवायचं, जमिनीची मोजणी, ड्रोन या सगळ्याला उपग्रहाचा आधार लागतो. मोबाइल टॉवर आणि वीज ग्रिडही आपली घड्याळं जुळवायला हेच सिग्नल वापरतात.

ट्रेकला जाण्याआधी काय कराल?

- घरूनच त्या भागाचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करा.
- वाट चुकलात तर मोकळ्या जागी या आणि काही मिनिटं थांबा.
- मॅपमध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, अक्षांश-रेखांश दिसतील. ते कागदावर लिहून ठेवा.
- ११२ वर फोन लावून बघा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तुम्ही कुठे आहात हे फोनला कळलं, म्हणजे इतरांना कळलं असं नाही. उपग्रह ते कुणालाच सांगत नाही. ते सांगायला रेंजच लागते. म्हणून निघताना कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार, हे घरी सांगूनच निघा.