सातेरी मधमाशी : ढोलीतील वसाहत आणि हौशी मधुपालन

कीटक वर्गाच्या एपिडी कुलातील मधमाशीची एक जाती. शास्त्रीय नाव एपिस सेराना; महाराष्ट्र व दक्षिण भारतात आढळणारा प्रकार एपिस सेराना इंडिका. अफगाणिस्तानपासून जपान-इंडोनेशियापर्यंत ही जाती पसरली आहे. सह्याद्रीच्या जंगलात, कोकणात व गोव्यात ती झाडांच्या ढोल्या, खडकांच्या कपारी, रिकामी वारुळे, जुन्या भिंतींतील पोकळ्या अशा बंद, अंधाऱ्या जागी राहते. पेटीत ठेवता येणारी मूळची भारतीय मधमाशी ती हीच. तिला ‘पाळतात’ असे म्हणण्याची रीत असली, तरी गाय-म्हैस पाळावी तशी ती पाळीव झालेली नाही. पेटीतील वसाहत आणि ढोलीतील वसाहत एकाच वंशाच्या असतात. त्यांतील नर-राण्यांचे मीलन मोकळ्या हवेत एकमेकांत होते आणि जागा गैरसोयीची वाटली, तर पेटीतली वसाहत पुन्हा रानात निघून जाते. म्हणून पेटीतल्या माशीचा विचार ढोलीपासून सुरू करावा लागतो.

महाराष्ट्रात आढळणाऱ्या इतर मधमाश्यांशी तिची गल्लत नेहमी होते. आग्यामाशी उंच झाडांच्या फांद्यांना, कड्यांना किंवा पाण्याच्या टाक्यांखाली एकच मोठे उघडे पोळे बांधते. फुलोरी माशी झुडपात किंवा गॅलरीच्या गजाला तळहाताएवढे पोळे लावते. या दोघी उघड्यावर, एकाच पोळ्यावर राहणाऱ्या असल्याने पेटीत टिकत नाहीत. इमारतीवरचे आग्या मोहोळ ‘पेटीत भरून न्या’ अशी विनंती मधपाळांना शहरात वारंवार होते, ती या अज्ञानातून. पोया ही डंखहीन माशी याहून लहान आणि वेगळ्या गटातली. युरोपियन मेलिफेरा माशीचा भारतात यशस्वी प्रवेश झाला तो १९६० च्या दशकात, हिमाचल प्रदेशातील नगरोटा बगवाँ आणि पंजाबमधील प्रयत्नांतून. ती मध जास्त देते; पण तिची पेटी, रोग आणि फुलांची गरज सगळेच वेगळे.

ढोलीतील घर : फांदी मोडते, त्या जखमेतून पाणी आणि बुरशी आत शिरते, मधले लाकूड कुजत जाते आणि बाहेरचा जिवंत भाग झाडाला उभे ठेवतो. अशी पोकळी तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात, त्यामुळे ढोली हे म्हाताऱ्या झाडाचे वैभव. कोवळ्या लागवडीत ती मिळत नाही. सह्याद्रीत जुने जांभूळ, हिरडा, आंबा, ऐन यांच्या खोडांत सातेरी सापडते. देवराया तिच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात त्याचे कारण हेच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचा भर वनस्पतींच्या रक्षणावर होता; पण जे खोड कुऱ्हाडीपासून वाचते त्यातली पोकळीही वाचते.

आत माश्या छतापासून खाली, एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधतात. पोळ्याच्या वरच्या भागात मध, त्याखाली परागाचा पट्टा आणि खाली पिलावा (अंडी, अळ्या व कोष) अशी साधारण रचना असते. दोन पोळ्यांमध्ये दोन माश्या पाठीला पाठ लावून वावरू शकतील एवढीच वाट राखली जाते. पिलाव्याच्या जागी तापमान ३३ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले जाते. गारठ्यात माश्या अंगाचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात, उन्हाळ्यात पाणी आणून पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. वारा घालण्यातही सातेरीची तऱ्हा निराळी : दाराशी बसलेल्या मेलिफेरा माशीचे तोंड आत असते आणि ती हवा बाहेर खेचते, सातेरीचे तोंड बाहेर असते आणि ती हवा आत लोटते. मेलिफेरा फटी बुजवायला झाडांचा डिंकासारखा चीक गोळा करते, सातेरी तसे करत नाही. ढोलीवर हात आपटला की आतून एकदम ‘सस्स’ असा आवाज येतो. रानात हिंडणाऱ्यांना तो ओळखीचा असतो.

वसाहतीत एक राणी, काही शे नर आणि बाकी सगळ्या कामकरी माश्या. एकूण संख्या हंगामाप्रमाणे काही हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत जाते. चारा शोधण्याचा पल्ला मेलिफेरापेक्षा कमी, बहुधा एक किलोमीटरच्या आत. त्यामुळे सभोवतीच्या थोड्या रानात वर्षभर काही ना काही फुलत राहणे सातेरीला फार गरजेचे. महाबळेश्वरच्या परिसरात उन्हाळ्याच्या तोंडाशी जांभूळ, गेळा, मग हिरडा फुलतो. कारवी मात्र सात-आठ वर्षांनी एकदा, पावसाळ्याच्या उत्तरार्धात सगळी टेकडी भरून फुलते आणि त्या वर्षी कारवीचा मध निघतो.

घर बदलणे : सातेरी दोन कारणांनी घर सोडते आणि ती कारणे एकमेकांत मिसळू नयेत. फुलोऱ्याच्या काळात वसाहत भरली की जुनी राणी अर्ध्याअधिक माश्या घेऊन बाहेर पडते व मागे नवी राणी राहते. ही वाढ आहे. दुसऱ्या प्रकारात सगळी वसाहतच पोळी टाकून जाते. उपासमार, मुंग्या, मेणकिड्यांचा उपद्रव, ऊन किंवा माणसाची सततची ढवळाढवळ ही त्याची कारणे. नवशिक्याची पेटी रिकामी होते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या कारणाने, आणि ‘माश्या पळाल्या’ म्हणून दोष माश्यांना दिला जातो.

बाहेर पडलेला थवा एखाद्या फांदीवर घोळक्याने लटकतो आणि टेहळ्या माश्या जागा शोधायला जातात. नृत्याच्या भाषेतून फुलांची दिशा व अंतर कळवले जाते हे कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवले (नोबेल पारितोषिक १९७३). त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात थव्यावरचे नृत्य वाचून माश्या घराची निवडही नाचूनच ठरवतात हे दाखवले. श्रीलंकेत जाऊन त्यांनी आशियाई मधमाश्यांची नृत्येही तपासली. पुढे कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस सीली यांनी मेलिफेराच्या टेहळ्यांना पोकळीचे आकारमान, दाराचा आकार आणि जमिनीपासूनची उंची यांची पारख असते हे प्रयोगांनी सिद्ध केले.

सीलींचे दुसरे काम या विषयाला अधिक जवळचे. न्यूयॉर्क राज्यातील आर्नट जंगलात त्यांनी १९७८ मध्ये झाडांतल्या रानटी मेलिफेरा वसाहती शोधून मोजल्या. दर चौरस किलोमीटरला साधारण एक अशी घनता निघाली. १९९० च्या दशकात त्या भागात व्हरोआ गोचीड पोहोचली आणि पेट्यांतील वसाहती मोठ्या प्रमाणावर मेल्या. २००२ मध्ये पुन्हा मोजणी केली, तर झाडांतल्या वसाहती जवळपास तेवढ्याच होत्या. औषधाविना त्या टिकल्या त्याची कारणे सीलींनी ढोलीच्या राहणीत शोधली : घर लहान, शेजारी दूर, थवे वरचेवर आणि निवड करणारा निसर्ग.

व्हरोआ : या गोचिडीचा मूळ यजमान सातेरीची जातीच आहे. १९०४ मध्ये ऑडेमान्स यांनी जावातील एपिस सेरानावरूनच व्हरोआचे वर्णन केले. जगभर मेलिफेराला छळणारी जाती वेगळी असल्याचे २००० मध्ये स्पष्ट झाले. विसाव्या शतकात युरोपियन माश्यांच्या पेट्या पूर्व आशियात नेल्या गेल्या आणि गोचिडीला नवा, प्रतिकार न शिकलेला यजमान सापडला. सेरानावर ती मुख्यतः नरांच्या पिलाव्यात वाढते. नराच्या कोठडीचे झाकण जाड, मध्ये बारीक छिद्र असलेले. फार गोचिडी लागून दुबळा झालेला नर ते झाकण फोडू शकत नाही आणि गोचिडींसह आतच मरतो. कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरूनही गोचिडी काढतात. हा तह फार जुना आहे. तो मोडला माणसाच्या वाहतुकीने.

सातेरीची खरी साथ दुसरीच : थाय सॅकब्रूड हा विषाणुजन्य रोग. यात अळी कोठडीत पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. १९७० च्या दशकात थायलंडमध्ये ओळखला गेलेला हा रोग भारतात आला आणि १९९१-९२ च्या सुमारास कर्नाटक, केरळ, तमिळनाडूतील पेट्या त्याने अक्षरशः रिकाम्या केल्या. त्यावर औषध नाही. तगलेल्या वसाहतींतूनच पुढे पेट्या पुन्हा भरल्या गेल्या. आजही दूरच्या जिल्ह्यातून आणलेल्या स्वस्त वसाहती घेण्यापेक्षा आपल्या डोंगरातली वसाहत वाढवणे शहाणपणाचे, ते यासाठी.

ढोलीतून पेटीकडे : रानातला मध काढण्याची जुनी पद्धत सोपी आणि वसाहतीसाठी घातक होती. पाणवठ्यावर पाणी न्यायला आलेल्या माशीच्या परतीचा रोख धरून ढोली शोधायची, दार कुऱ्हाडीने मोठे करायचे, धूर द्यायचा आणि पिलाव्यासह सगळी पोळी पिळायची. युरोपात याला एक वेगळे वळण लागले. पोलंड-बेलारूसच्या जंगलात जिवंत पाइन-ओकच्या खोडात मुद्दाम पोकळी कोरून माश्यांना राहू देतात आणि वाटणीचा मध काढतात. ही परंपरा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

पेटीचा पाया १८५१ मध्ये अमेरिकेतील लॅंगस्ट्रॉथ यांनी घातला. माश्या ठरावीक रुंदीची वाट मोकळी सोडतात, त्याहून मोठी जागा पोळ्याने भरतात आणि लहान जागा बुजवतात, हे त्यांच्या लक्षात आले. चौकटींभोवती तेवढीच वाट ठेवली की चौकट चिकटत नाही आणि सुटी काढता येते. १८५७ मध्ये मेणपत्रा (पोळ्याला पाया देणारा मेणाचा पातळ पत्रा) आणि १८६५ मध्ये मध गरगरवून काढणारे यंत्र आले. पोळे न मोडता मध मिळू लागला. सातेरीची माशी लहान, कोठडी लहान, वाट अरुंद, त्यामुळे या मापांची युरोपियन पेटी तिला चालत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तिच्यासाठी छोटी पेटी बेतली, ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९२८ च्या शाही शेती आयोगाने मधुपालनाची शिफारस केली आणि स्वातंत्र्यानंतर खादी-ग्रामोद्योगाच्या चळवळीत तो ग्रामीण जोडधंदा म्हणून रुजला. पुण्यात १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. तेथून जवळचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्यानंतर भुदरगड तालुक्यातील पाटगावालाही ती ओळख मिळाली.

हौशी मधपाळाचे काम : पेटीत तळपाट, पिलावा-कोठी, तिच्यावर मधकोठी आणि छप्पर एवढेच भाग असतात. मध फक्त वरच्या कोठीतला घ्यायचा, खालचा माश्यांचा. ही शिस्त मोडणारा मधपाळ ढोली फोडणाऱ्यापेक्षा फार वेगळा नाही. पेटी सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशा जागी घोडीवर ठेवतात आणि मुंग्यांसाठी घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवतात. हंगामात आठ-दहा दिवसांनी तपासणी पुरते. रोज झाकण उघडून कौतुक करणाऱ्याची वसाहत टिकत नाही. पाऊसकाळ हा कसोटीचा काळ. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडायला उसंत नसते, साठा संपतो, मग साखरेचा पाक द्यावा लागतो. माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी याच दिवसांत मेणकिडा खातो. ती काढून टाकलेली बरी.

वर्षाकाठी एका सातेरी वसाहतीकडून पाच-दहा किलो मध मिळाला तर समाधान मानावे. मेलिफेराच्या आकड्यांशी तुलना करून निराश होणारे हौशी लोक बरेच असतात. पोळ्याच्या कोठड्या मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नये, कारण ओला मध आंबतो. फळझाडे, कारळे, सूर्यफूल, कांद्याचे बी यांच्या परागीभवनातून होणारा फायदा मधाहून मोठा असतो, पण तो बहुधा शेजाऱ्याच्या शेतात जातो. डंख आग्यामाशीपेक्षा सौम्य असला, तरी ज्याला त्याची तीव्र ॲलर्जी आहे त्याने हा छंद धरू नये.

वसाहत मिळवण्याचे मार्ग : ढोलीतली वसाहत पेटीत भरताना पिलाव्याची पोळी कापून केळीच्या सोपटाने चौकटींना बांधतात आणि राणी सापडली की बाकीच्या माश्या मागे येतात. यासाठी खोड फोडावे लागत असेल, तर ते करू नये; ढोली गेली की पुढच्या सगळ्या थव्यांचे घर जाते. शिवाय जंगलातला मध आणि मेण १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार वनोपज आहे. त्यावर २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचा हक्क मान्य केला आहे. शहरातल्या हौशी माणसाचा नाही. त्याच्यासाठी उत्तम मार्ग आमिष-पेटीचा. जुन्या मेणाने आतून घासलेली रिकामी पेटी फुलोऱ्याच्या आधी रानाच्या कडेला, दोन पुरुष उंचीवर बांधून ठेवायची. टेहळ्या माश्या दाराशी घुटमळू लागल्या की हात लावू नये. थवा शिरून आठवडाभरात पोळी बांधली गेली की अंधार पडल्यावर दार बंद करून पेटी उतरवतात. ती शंभर-दोनशे पावलांवर नेली, तर दुसऱ्या दिवशी चाऱ्याला गेलेल्या माश्या जुन्याच झाडाकडे परततात. म्हणून आधी दोन-तीन किलोमीटर लांब नेऊन काही आठवडे ठेवतात आणि मग हव्या त्या जागी आणतात.