मंडळी म्हणजे कोण?

नमस्कार मंडळी! दर एपिसोडला मी हाच शब्द वापरतो, पण मराठी ख्रिस्ती समाजात त्याला एक खास अर्थ आहे. चर्चची इमारत वेगळी, आणि तिथे एकत्र येणारी माणसं म्हणजे ‘मंडळी’. आजची गोष्ट अमेरिकेतल्या अशाच एका मंडळीची आहे. हेडफोन लावून ऐका, कारण पुढे जरा जड आहे.

ट्रॉय पेरी हे पेंटेकॉस्टल पंथाचे पाळक. ते समलिंगी आहेत हे कळल्यावर त्यांच्या चर्चने त्यांना बाहेर काढलं. त्या काळी इलिनॉय सोडलं तर अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध गुन्हा होता. पेरींनी एका मासिकात छोटीशी जाहिरात दिली आणि ६ ऑक्टोबर १९६८ ला लॉस एंजेलिसजवळ हंटिंग्टन पार्कमधल्या आपल्या घरीच प्रार्थना ठेवली. दिवाणखान्यात जमली १२ माणसं. आमच्या ऑफिसच्या सकाळच्या स्टँडअपलाही याहून जास्त असतात! त्यातले नऊ तर मित्रच होते. उरलेले तिघे जाहिरात वाचून आले. मला विचाराल तर गोष्टीतली सगळ्यात धाडसी माणसं ही तिघं. पोलिसांच्या धाडी पडायच्या त्या दिवसांत अनोळखी घराची बेल वाजवायची म्हणजे काय, विचार करा.

हेच पुढे मेट्रोपोलिटन कम्युनिटी चर्च झालं. कॅथलिक असो, बाप्टिस्ट असो, समलिंगी असो वा नसो, सगळ्यांना दार उघडं. काही वर्षांतच शहराशहरांत शाखा निघाल्या. लॉस एंजेलिसला स्वतःची इमारतही झाली, आणि जानेवारी १९७३ मध्ये ती आगीत जळली.

पण मला थांबायचंय न्यू ऑर्लीन्समध्ये. तिथली शाखा छोटी. इबरव्हिल आणि शार्ट्र रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एका इमारतीत वरच्या मजल्यावर ‘अपस्टेअर्स लाउंज’ नावाचा बार होता. काही काळ या मंडळीची प्रार्थना त्या बारच्याच मागच्या खोलीत व्हायची. बारमध्ये चर्च? हसू नका. ही माणसं न घाबरता एकत्र बसू शकतील अशा जागा तरी किती होत्या? पुढे प्रार्थना दुसरीकडे हलली, पण रविवारी संध्याकाळी पियानोभोवती गायला सगळे इथेच यायचे.

२४ जून १९७३, रविवार. कुणीतरी जिन्यावर ज्वालाग्राही द्रव ओतून आग लावली. दार उघडताच ज्वाळा आत घुसल्या. खिडक्यांना गज होते. बारटेंडरने मागच्या दाराने वीसेक जणांना छतावर काढलं. मंडळीचे सहायक पाळक मिच मिचेल बाहेर पडले होते, पण जोडीदार आतच राहिलाय हे कळल्यावर ते परत आत गेले. दोघांचे देह एकत्र सापडले. पाळक बिल लार्सन खिडकीच्या गजांत अडकून गेले. एकूण ३२ मृत्यू. आग लावल्याबद्दल कुणावरही कधी खटला चालला नाही.

नोकरी जाईल म्हणून कित्येक जण खरं नाव लपवून राहायचे, त्यामुळे ओळख पटवणंही अवघड. काही घरच्यांनी मृतदेह घ्यायला नकार दिला. माझ्या ऑफिसच्या फॉर्ममध्ये ‘इमर्जन्सी कॉन्टॅक्ट’चा रकाना आहे. मी तिथे आईचा नंबर दोन सेकंदांत टाकला होता. या एपिसोडची तयारी करताना तो रकाना बराच वेळ डोक्यात राहिला. कारण यातल्या अनेकांना शोधायला येणारं कोणी असलंच, तर ती होती पियानोपाशी गाणारी मंडळी, आणि त्यातलेही कितीतरी जण त्याच आगीत गेले होते.

पेरी विमानाने लगेच आले. शोकसभेसाठी बऱ्याच चर्चनी दार लावून घेतलं. एपिस्कोपल चर्चच्या एका धर्मगुरूंनी छोटी प्रार्थना घेतली, तर त्यांना द्वेषाची पत्रं आली. शेवटी १ जुलैला सेंट मार्क्स मेथडिस्ट चर्चमध्ये सभा झाली. सभा संपत आली तेव्हा निरोप आला, बाहेर टीव्हीचे कॅमेरे आहेत. चेहरा दिसला की नोकरी, घर, सगळंच धोक्यात. पेरींनी सांगितलं, ज्यांना नको असेल त्यांनी मागच्या दाराने जावं.

पेरींनी पुढे अनेकदा सांगितलंय, त्या दिवशी मागच्या दाराने कुणीच गेलं नाही.